होयसळांच्या प्रदेशातला व्हिडिओ गेम : ‘अनचार्टेड – द लॉस्ट लेगसी’चे गुण आणि दोष

प्रस्तावना

ऐतिहासिक कादंबरी किंवा चित्रपट हाती आला की त्यात इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न आपण सहज विचारतो. व्हिडिओ गेमला मात्र हा प्रश्न फारसा विचारला जात नाही. वर्गातल्या अनेकांनी एखाद्या प्राचीन नगरात तासन् तास घालवलेले असतात आणि त्या नगराचे चित्र त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. ते चित्र कुठून आले आणि त्यावर किती भिस्त ठेवायची, हे तपासण्याची पद्धत या पाठात आपण एका गेमच्या उदाहरणाने पाहणार आहोत.

त्यासाठी निवडलेला गेम आहे ‘अनचार्टेड – द लॉस्ट लेगसी’. तो २०१७ च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ४ साठी प्रसिद्ध झाला आणि २०२२ मध्ये संगणकावरही आला. अमेरिकेतील नॉटी डॉग या स्टुडिओने तो बनवला आहे. त्याची कथा घडते ती कर्नाटकातील पश्चिम घाटात, होयसळ राजांच्या हरवलेल्या नगरांच्या शोधात.

नकाशा उघडून पाहा. मैसूर जिल्ह्याच्या पिरियापट्टण तालुक्यात बेट्टदपुर नावाचे गाव आहे. कन्नडमध्ये ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. डोंगराचे गाव ते बेट्टदपुर. गावामागच्या डोंगरमाथ्यावर ‘सिडिलु मल्लिकार्जुना’चे देऊळ आहे. ‘सिडिलु’ म्हणजे वीज. गावाच्या पश्चिमेला कोडगूचा डोंगराळ मुलूख आहे, तर उत्तरेला हासन जिल्ह्यात बेलूर आणि हळेबीडु. गेममध्ये ‘हरवलेला’ म्हणून दाखवलेला हा प्रदेश प्रत्यक्षात शेते, रस्ते, बाजार आणि देवळे असलेला, माणसांनी भरलेला प्रदेश आहे. गेमचे बरेचसे दोष या एका फरकातून निघतात आणि त्याचे गुणही याच फरकाशेजारी ठेवून मोजावे लागतात.

सूचना : पुढील विवेचनात कथेचा शेवट सांगितलेला आहे.

गेमची ओळख

ॲक्शन-ॲडव्हेंचर या प्रकारात तीन गोष्टी एकत्र येतात : लढाई, शोधयात्रा आणि कोडी. खेळाडू एका पात्राला चालवतो, त्याला कड्यांवर चढवतो, शत्रूंपासून लपवतो, गोळीबारातून सोडवतो आणि प्राचीन वास्तूंमधली यंत्रे उलगडायला लावतो.

या गेममधील मुख्य पात्र आहे क्लोई फ्रेझर. ती अर्धी भारतीय आहे. तिचे वडील गणेशाच्या तुटलेल्या दंताच्या शोधात होते. तो शोध ती पुढे नेते. तिच्या सोबतीला आहे नदीन रॉस, ही दक्षिण आफ्रिकेतील माजी भाडोत्री सैनिक. दोघींच्या विरोधात आहे असव, हा बंडखोरांचा म्होरक्या. त्यालाही तोच दंत हवा आहे. कथेची सुरुवात युद्धाच्या छायेतील एका भारतीय शहराच्या बाजारात होते आणि नंतर ती पश्चिम घाटात शिरते.

दंताची कथा आपल्या ओळखीची आहे. शिव विश्रांती घेत असताना गणेश दाराशी पहारा देतो. परशुराम आत जाऊ पाहतो, गणेश त्याला अडवतो आणि परशुराम परशू फेकतो. तो परशू शिवानेच दिलेला असतो. पित्याच्या शस्त्राचा मान राखायचा म्हणून गणेश तो वार दातावर झेलतो आणि एकदंत होतो. ब्रह्मवैवर्त पुराणात ही कथा येते. गणेशाचा दात कसा तुटला याच्या इतरही कथा आहेत. महाभारत लिहिण्यासाठी त्याने स्वतःच दात मोडला, ही त्यांपैकी एक. लेखकांनी त्यांतून परशुरामाची कथा निवडली, हे लक्षात ठेवा.

गुण

*पहिला गुण : मूर्ती वाचायला लावणे.* देवळात गेल्यावर आपण बहुधा मूर्ती पाहतो आणि पुढे जातो. कोणाच्या हातात काय आहे, कोण कोणाकडे पाहतो आहे, इकडे लक्ष जात नाही. या गेममध्ये ते लक्ष द्यावेच लागते. एका ठिकाणी परशू धरलेल्या पुतळ्यांमधून वाट काढायची असते. तुम्ही एका खांबावरून दुसऱ्यावर उडी घेतली की पुतळेही आपली चाल करतात आणि परशू फिरतो. दुसऱ्या ठिकाणी शिल्पांचे तुकडे फिरवून भिंतीवर सावल्यांचा प्रसंग जुळवायचा असतो. सावल्यांतून कथा सांगण्याची ही तऱ्हा आपल्याला परकी नाही. कर्नाटकात ‘तोगलु गोंबेयाट’ आणि आपल्याकडे सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांचा चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ याच तत्त्वावर चालतो.

म्हणजे येथे पुराणकथा मागचा पडदा म्हणून लटकवलेली नाही. ती कळली तर वाट सापडते. मूर्तिशास्त्राची पहिली पायरी हीच आहे : आयुध पाहा, मुद्रा पाहा, प्रसंग ओळखा. पाठ्यपुस्तकाला ही सवय लावायला बराच वेळ लागतो; गेम ती खेळताखेळता लावतो.

*दुसरा गुण : कथेचा आणि पात्रांचा मेळ.* पित्याच्या वारशासाठी आपले काहीतरी गमावणारा गणेश आणि वडिलांचा अपुरा शोध पुढे नेणारी क्लोई, या दोन गोष्टी एकमेकींवर बसवलेल्या आहेत. आधी केवळ स्वतःच्या फायद्याचा विचार करणारी क्लोई शेवटी काय सोडते, याला त्या पुराणकथेमुळे अर्थ येतो. त्यामुळे परशुरामाच्या कथेची निवड शोभेची राहत नाही. शिवाय सह्याद्री आणि पश्चिम किनाऱ्याशी परशुरामाचे नाव लोककथांतून जोडलेले आहेच. चिपळूणजवळचे परशुरामाचे देऊळ तुम्हाला माहीत असेल. स्थळ आणि दैवत यांची जोडी येथे योग्य पडली आहे.

*तिसरा गुण : भूगोल चालून पाहता येणे.* चौथ्या प्रकरणात खेळाडूला एक जीप आणि मोठा मोकळा परिसर मिळतो. मधोमध एक मनोरा आहे. त्यावर चढून चहूकडे पाहायचे, कुठे काय दिसते ते नकाशावर टिपायचे आणि मग हव्या त्या क्रमाने एकेक जागा गाठायची. प्रदेश समजून घेण्याची ही रीत खऱ्या क्षेत्रभेटीशी जुळते. उंच जागा गाठणे, दिशा ठरवणे, पाण्याच्या आणि खडकाच्या खुणा धरणे, हे पुरातत्त्वाचा विद्यार्थीही करतो.

*चौथा गुण : दंताचे काय होते.* साहसकथांमध्ये खजिना बहुधा शोधणाऱ्याच्या खिशात जातो, नाहीतर दरीत पडतो. येथे शेवटी क्लोई तो दंत सांस्कृतिक मंत्रालयाकडे सोपवायचे ठरवते. सोबतच्या सॅमला ते रुचत नाही, तरीही. भारतीय कायद्याच्या दृष्टीने ती योग्य दिशेला जाते. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दहा रुपयांहून अधिक मोलाचा ठेवा सापडला तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्याला द्यावी लागते आणि १९७२ चा पुरावशेष कायदा खासगी व्यक्तींना अशा वस्तू देशाबाहेर नेऊ देत नाही. खजिन्याच्या शोधावर उभ्या असलेल्या मालिकेने असा शेवट निवडणे ही छोटी गोष्ट नाही.

दोष

*पहिला दोष : ‘हरवलेले नगर’.* गेममध्ये हळेबीडु घनदाट जंगलात, धबधब्यांच्या आड, कोणाला ठाऊक नसलेले असे भेटते. प्रत्यक्षात ते गावाच्या रस्त्याला लागून, मोठ्या तलावाशेजारी, सपाट जमिनीवर आहे. बेलूरच्या चेन्नकेशवाच्या देवळात आजही पूजा चालते. ते इ. स. १११७ मध्ये राजा विष्णुवर्धनाने उभारले. तेव्हापासून लोक तेथे येत आहेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये बेलूर, हळेबीडु आणि मैसूर जिल्ह्यातील सोमनाथपूर येथील देवळे युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

जे कधी हरवलेच नव्हते ते ‘सापडले’ म्हणायचे असेल, तर आधी तेथे राहणारी माणसे चित्रातून पुसावी लागतात. गेममधल्या पश्चिम घाटात शेतकरी नाही, पुजारी नाही, गुराखी नाही, शाळेत जाणारे मूल नाही. आहेत ते फक्त शोधणारे आणि त्यांच्यावर गोळ्या झाडणारे. सुरुवातीच्या शहरात बाजार आहे, मीनू नावाची बोलकी मुलगी आहे. पण वारसा जिथे आहे तिथे माणूस नाही. ही रीत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी साहसकादंबऱ्यांपासून ती चालत आली आहे.

*दुसरा दोष : नावे आणि काळ.* होयसळांच्या काळी त्यांच्या राजधानीचे नाव द्वारसमुद्र किंवा दोरसमुद्र असे होते. इ. स. १३११ मध्ये मलिक काफूरची स्वारी झाली, पुढे दिल्लीच्या फौजा पुन्हा आल्या आणि चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होयसळ सत्ता संपली. राजधानी ओसरल्यावर त्या जागेला ‘हळेबीडु’ म्हणजे ‘जुने ठाणे’ हे नाव पडले. गेम मात्र वैभवाच्या काळातील नगरालाच हळेबीडु म्हणतो. एखाद्या नांदत्या वाड्याला तो बांधला जात असतानाच ‘जुना वाडा’ म्हणावे, तसे हे झाले. नावातच इतिहासाचा एक अख्खा टप्पा साठलेला आहे आणि तो येथे निसटतो.

*तिसरा दोष : मापाचा घोळ.* गेममधल्या मूर्ती डोंगराएवढ्या आहेत. होयसळ कलेचे बळ याच्या अगदी उलट दिशेला आहे. होयसळ शिल्पी मऊ, हिरवट-राखाडी सोपस्टोनमध्ये काम करीत. हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेत हळूहळू कडक होतो. त्यामुळे दागिन्याची साखळी, वस्त्राची चुणी, फळावर बसलेली माशी इथपर्यंत बारकावे कोरता येतात. देऊळ बहुधा ताऱ्यासारख्या कोनांच्या जगतीवर उभे राहते. भिंतीच्या तळाशी गजथर, मग सिंह, वेलपट्टी, घोडेस्वार, पुराणप्रसंग असे थर चढत जातात. आतले खांब कातावर धरून कातल्यासारखे गुळगुळीत असतात. हे सारे हाताच्या अंतरावरून पाहायचे आहे. गेममध्ये कोरीव काम भरपूर दिसते, पण नजर खेचली जाते ती अवाढव्य आकारांकडे.

*चौथा दोष : कारागीर गायब.* भारतीय कलेत शिल्पकार निनावी असतात असे आपण ऐकतो. होयसळ देवळे याला ठळक अपवाद आहेत. बेलूरला बळ्ळिगावीच्या दासोजाची आणि त्याचा मुलगा चावण याची नावे शिल्पांखाली कोरलेली आहेत. सोमनाथपूरला, १२५८ मध्ये पूर्ण झालेल्या केशव मंदिरात, मल्लितम्माची नाममुद्रा दिसते. गेममध्ये राजे आहेत, देव आहेत. छिन्नी धरणारा हात नाही. शिलालेखांचेही तसेच. होयसळांचे बहुतेक लेख कन्नडमध्ये आहेत आणि त्यांतूनच आपल्याला हा इतिहास कळतो. गेममधली कोडी मात्र चित्रे जुळवून सुटतात. लेख वाचून नव्हे.

*पाचवा दोष : वास्तूशी वागणूक.* या प्रकारच्या गेममध्ये कोरीव दगड म्हणजे चढायची खाच आणि भिंत म्हणजे गोळीबारातला आडोसा. पात्र लोंबकळते, दगड निखळतो, मजला कोसळतो आणि खेळाडूला थरार मिळतो. खऱ्या जगात संरक्षित स्मारकाला इजा करणे हा १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली गुन्हा आहे. दंत सरकारला द्यायचा आणि तो ज्या वास्तूत होता ती वाटेत ढासळू द्यायची, ही विसंगती गेमला जाणवत नाही. पुरातत्त्वात वस्तूइतकेच तिच्या सापडण्याच्या जागेला मोल असते, कारण जागेवरूनच वस्तूचा काळ आणि उपयोग ठरतो.

याला जोडूनच एक बाब नोंदवावी. अर्ध्या भारतीय क्लोईचा आवाज ऑस्ट्रेलियन अभिनेत्री क्लॉडिया ब्लॅक यांचा आहे आणि कृष्णवर्णीय नदीनचा आवाज गौरवर्णीय अमेरिकन अभिनेत्री लॉरा बेली यांचा. दोघींचे काम चांगले आहे. तरी भारतीय वारशाविषयीच्या कथेत मध्यवर्ती आवाज कोणाचा, हा प्रश्न विचारण्याजोगा उरतो.

‘गेम आहे, पाठ्यपुस्तक नाही’ : या आक्षेपाचा विचार

तुमच्यापैकी कोणी म्हणेल की मनोरंजनाला एवढी तपासणी कशाला? आक्षेप अर्धा बरोबर आहे. कल्पित दंत, कल्पित बंडखोर, कल्पित यंत्रे यांवर कोणी रागावू नये. ती कथेची मुभा आहे. पण गेमने होयसळ, बेलूर, हळेबीडु ही खरी नावे घेतली आहेत आणि त्या नावांचा भारदस्तपणा वापरला आहे. जगभरातील असंख्य खेळाडूंची या नावांशी पहिली भेट येथेच होते. खरे नाव घेतले की त्याची थोडी जबाबदारीही येते.

ही जबाबदारी पेलता येते, याची उदाहरणे आहेत. युबिसॉफ्टने ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ या प्राचीन इजिप्तवरील गेमला २०१८ मध्ये ‘डिस्कव्हरी टूर’ जोडली. त्यात लढाई बंद होते आणि खेळाडू माहिती ऐकत इजिप्त फिरू शकतो. आपल्याकडे पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी – ॲन एन्शन्ट एपिक’ हा गेम काढला. त्यात खऱ्या राजवंशाचा दावाच नाही. पुराणकथा, राजस्थानी वास्तुकला आणि पहाडी चित्रशैली यांतून एक काल्पनिक जग उभे केले आहे आणि कथा दुर्गा व विष्णू सांगतात. इतिहासाचे नाव घ्यायचे तर माहितीची जोड द्यावी, नाहीतर उघडपणे कल्पित जग रचावे. ‘लॉस्ट लेगसी’ या दोन्हींच्या मध्ये उभा आहे.

मराठी वाचकासाठी एक धागा

होयसळ हे आपल्या इतिहासाचे शेजारी आहेत. देवगिरीचे यादव आणि द्वारसमुद्राचे होयसळ हे दोघेही कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक होते आणि चालुक्य दुबळे होताच दोघेही स्वतंत्र झाले. ११९० च्या सुमारास सोरटूरला होयसळ दुसरा बल्लाळ आणि यादव भिल्लम यांची लढाई झाली व बल्लाळ जिंकला. हासन जिल्ह्यातच श्रवणबेळगोळ आहे. तेथील गोमटेश्वराच्या पायाशी असलेला लेख मराठीतील सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक मानला जातो. त्याच्या एका ओळीत मूर्तीभोवतीचे आवार गंगराजाने करविल्याची नोंद आहे आणि हा गंगराज होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती होता. गेममधले ‘हरवलेले राज्य’ म्हणजे आपल्या भाषेचा एक जुना लेख जपणारा मुलूख आहे.

तपासणी कशी करावी : बेट्टदपुरचे उदाहरण

गेम खेळून झाल्यावर एखाद्या खऱ्या स्थळाला चार प्रश्न विचारा. उदाहरणादाखल बेट्टदपुर घेऊ. पिरियापट्टण भागात चंगाळ्व घराण्याची सत्ता होती आणि ते काही काळ होयसळांचे मांडलिक होते. म्हणजे हे स्थळ त्याच इतिहासाच्या कडेचे आहे.

१. वर जाण्याची वाट कोणासाठी आहे? बेट्टदपुरच्या डोंगरावर पायऱ्या आहेत, कारण तेथे भाविक जातात. गेममध्ये वाट तुटलेली असते, कारण तेथे नायिकेने एकटीने पोहोचायचे असते.

२. स्थळाचे नाव कोणत्या भाषेत आहे आणि ते काय सांगते? ‘सिडिलु’ या एका शब्दात तेथल्या लोकांचा विजेशी आणि डोंगराशी असलेला संबंध टिकून आहे.

३. भोवती काय पिकते? या तालुक्यात आणि शेजारच्या हुणसूरला तंबाखूची मोठी शेती आहे. देऊळ आणि शेत एकत्र पाहिले की ते सांभाळण्याचा खर्च कोण करीत आले, हा प्रश्न सुचतो.

४. बांधणारे कोण आणि आज सांभाळणारे कोण? शिलालेख, देवस्थान, पुरातत्त्व खाते, गाव, यांपैकी कोणाकडे काय आहे याची नोंद करा.

यांपैकी एकही प्रश्न गेम स्वतः विचारत नाही. पण गेम मनापासून खेळलेला विद्यार्थी देवळासमोर उभा राहील तेव्हा आयुधे पाहील आणि थर मोजेल. तेथून पुढचे प्रश्न शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने मिळून विचारायचे आहेत.

समारोप

‘लॉस्ट लेगसी’ हा साहसखेळ म्हणून सकस आहे. पुराणकथा त्यात कामाला लावली आहे, दोन स्त्रियांची मैत्री विश्वासार्ह आहे आणि खजिन्याचा शेवट सभ्य आहे. इतिहास म्हणून त्याचे मोठे उणे एकच आहे आणि बाकीचे बहुतेक दोष त्याच्या पोटात येतात : त्याने दगड ठेवले आणि माणसे वगळली. म्हणून या गेमकडून मूर्तीकडे पाहण्याची सवय घ्या. त्या मूर्तीची माहिती मात्र शिलालेखांतून, ग्रंथांतून आणि त्या गावातल्या माणसांकडून घ्या.

स्वाध्याय

१. ‘हळेबीडु’ हे नाव वैभवाच्या काळातील नगराला वापरण्यात कोणती कालविसंगती आहे?
२. होयसळ शिल्पींना बारीक कोरीवकाम शक्य होण्यात दगडाचा वाटा कोणता?
३. गेममधील कोड्यांमुळे मूर्तिशास्त्राची कोणती सवय लागते? एक उदाहरण द्या.
४. तुमच्या तालुक्यातील एका जुन्या देवळाला, किल्ल्याला किंवा बारवेला वरील चार प्रश्न लावा आणि एक पानाची नोंद लिहा.
५. त्याच स्थळावर गेम बनवायचा झाला तर त्यात तेथे राहणाऱ्या माणसांना कोणते काम द्याल, ते थोडक्यात मांडा.